नव्या मोटारसायकलचे सकाळी बंद पडणे आणि अधिकृत सेवा केंद्राचे काम : नागपूरचा अनुभव

नागपुरातील एका अधिकृत दुचाकी सेवा केंद्राने माझ्या नव्या मोटारसायकलवर केलेल्या कामाचे हे परीक्षण आहे. तक्रार एकच होती : सकाळी चालू केल्यानंतर इंजिन तापण्याआधीच गाडी बंद पडते. या एकाच तक्रारीवर त्या केंद्राच्या कामाच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती पाहायला मिळाल्या. पहिल्या वेळी गाडी धुऊन, चकचकीत करून, पण दोषासकट परत मिळाली. पुढच्या वेळी ती एका ज्येष्ठ मेकॅनिकच्या हाती पडली आणि खरोखर दुरुस्त झाली. कंपनीचे व केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जे चुकले आणि जे उत्तम झाले ते दोन्ही कामाच्या पद्धतीत आहे, आणि ती पद्धत वाचकांना शहरातल्या कोणत्याही केंद्रात स्वतः तपासून पाहता येईल.

गाडी दीडशे सीसीच्या वर्गातील, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी आणि फ्युएल इंजेक्शनची आहे. दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतली, पहिली मोफत सर्व्हिसिंग वेळेवर झाली आणि तोपर्यंत एकही तक्रार नव्हती. मग थंडी पडली. नागपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला उन्हाळाच आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचे तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली जाते आणि डिसेंबर २०१८ मध्ये तर ते ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा सकाळी सेल्फ मारताच गाडी लगेच चालू होई, थोडा वेळ चढ्या आरपीएमवर (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर) नीट चाले, आणि आरपीएम खाली उतरू लागली की नेहमीच्या पातळीवर न थांबता आणखी खाली जाऊन, एकदा थरथरून बंद पडे. अ‍ॅक्सिलेटर थोडा धरून ठेवला तर ती चालत राही. पाच-सात मिनिटे चालवल्यावर सारे सुरळीत होई आणि मग दिवसभर व्हेरायटी चौकातल्या सिग्नलवर कितीही वेळ उभे राहिले तरी आयडलिंग, म्हणजे अ‍ॅक्सिलेटर न देता इंजिनाचे चालणे, एकसारखे असे. पण घरातून निघून वर्धा मार्गाला लागताना, मागून बस येत असताना वळणावरच इंजिन बंद पडणे ही निव्वळ गैरसोय म्हणता येत नाही. त्यात जिवाला धोका आहे.

सेवा केंद्राची पहिली परीक्षा स्वागत कक्षातच होते. माझे सगळे ऐकून घेतल्यावर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने जॉब कार्डवर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ असे दोन शब्द लिहिले. ही नोंद चुकीची होती, आणि पुढचे सगळे चुकीचे काम तिच्यातूनच निघाले. चालू न होणे आणि चालू होऊन बंद पडणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत बॅटरी, सेल्फ मोटर, रिले यांच्याकडे आधी पाहावे लागते. दुसरीत हवा, पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांच्याकडे. त्यातही काही साधे प्रश्न विचारले तर शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असतानाच बंद पडते की गिअर टाकताक्षणी? गिअर टाकताक्षणी पडत असेल, तर साइड स्टँडचा स्विच किंवा थंड, जाड ऑइलमुळे एकमेकींना चिकटलेल्या क्लच प्लेट असा संशय येतो. इंजिन विझत विझत बंद पडते की बटण दाबल्यासारखे एकदम? एकदम पडत असेल, तर बहुधा वायरिंग, स्विच किंवा बॅटरीचे सैल टर्मिनल. टाकी पूर्ण भरल्यानंतरच त्रास वाढतो का? तसे असेल, तर कॅनिस्टरकडे पाहावे लागते. बीएस-४ या प्रदूषण-मानकापासून आपल्याकडच्या दुचाकींना टाकीतील पेट्रोलची वाफ साठवणारी ही डबी बसवलेली असते आणि पंपावर गळ्यापर्यंत टाकी भरून घेण्याच्या सवयीने तिच्यात वाफेऐवजी पेट्रोल शिरू शकते. यातला एकही प्रश्न मला विचारला गेला नाही. मीच आपणहून सांगितलेली ‘फक्त थंड असताना’ ही सर्वांत मोलाची माहिती कार्डावर उतरलीच नाही, त्यामुळे ज्याने प्रत्यक्ष गाडी हाताळली त्या मुलापर्यंत ती पोहोचण्याचा मार्गच उरला नाही.

पहिल्या वेळी झालेले काम असे : दुपारी गाडी आत घेतली, एक फेरी मारून पाहिली, स्कॅनर लावला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) स्प्रेने साफ केली, प्लग काढून पुसून परत बसवला आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी संध्याकाळी परत दिली. सोबत पेट्रोलमध्ये टाकायचे एक द्रव औषध घेण्याची शिफारस होती. ते मी घेतले नाही. गाडी चालवत केंद्रापर्यंत आणली होती, म्हणजे तपासणीच्या वेळी इंजिन पूर्ण तापलेले होते. जो दोष इंजिन गरम झाल्यावर मुळीच दिसत नाही तो गरम इंजिनावर सापडणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही शहरातील बहुतेक केंद्रांचा दिनक्रम असाच आहे. गाड्या सकाळी येतात, रांगेत लागतात, दुपारी हाताळल्या जातात आणि संध्याकाळी जातात. या दिनक्रमात थंडीची तक्रार कधीच सुटणार नाही.

गाडी परत देताना मला जे स्पष्टीकरण दिले गेले त्याची दखल घेणे आवश्यक आहे, कारण हल्ली ते सर्वत्र ऐकू येते. पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, त्यामुळे सगळ्यांच्याच गाड्या असे करतात, दोन मिनिटे रेस देत जा, असे ते स्पष्टीकरण. त्यात तथ्याचा अंश आहे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनासाठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते, म्हणजे तेवढ्याच हवेत थोडे जास्त इंधन सोडावे लागते. शिवाय इथेनॉल ७८ अंशांना उकळते आणि त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, तर पेट्रोलमधील हलके घटक त्याहून पुष्कळ कमी तापमानाला उडू लागतात. थंड इंजिनात वाफ नीट झाली नाही की इंधनाचा काही भाग इनटेकच्या भिंतींवर ओलसर थर होऊन बसतो आणि सिलिंडरमध्ये पोहोचणारे मिश्रण पातळ पडते, म्हणजे त्यात इंधन कमी राहते. हे सगळे खरे आहे. पण माझ्या गाडीच्या टाकीच्या झाकणापाशी ई-२० (२० टक्के इथेनॉल) असे स्टिकर कंपनीनेच लावलेले आहे. जे इंधन कंपनीने स्वतः मान्य केले आहे, त्याच इंधनावर नवी गाडी दर थंड सकाळी बंद पडत असेल, तर दोष इंधनावर ढकलून मोकळे होता येत नाही. त्याच मॉडेलच्या, त्याच पंपावर पेट्रोल भरणाऱ्या, आमच्याच वस्तीतल्या दुसऱ्या गाडीला हा त्रास नव्हता, हेही मी त्यांना सांगितले होते.

स्कॅनरमध्ये दोषाचा कोड नाही, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागलेला नाही, म्हणून इंजिन निर्दोष आहे, हा दुसरा युक्तिवाद. तो पहिल्याहून अधिक घातक आहे, कारण तो शास्त्रीय वाटतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यानंतर दुचाकींमध्ये निदानाची अंगभूत व्यवस्था आली आणि नंतर ती अधिक कडक झाली, हे चांगलेच झाले. पण ती व्यवस्था मुख्यतः सेन्सर आणि त्यांची वायरिंग यांवर लक्ष ठेवते. सेन्सरचा आकडा अशक्य वाटला, वायर तुटली किंवा मिस-फायर तिच्या लक्षात आले, तर ती कोड नोंदवते. व्हॉल्व्हची (सिलिंडरच्या झडपेची) फट कमी झाली आहे, हे तिला दिसत नाही. त्याखेरीज, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय विश्वासार्ह माहिती देऊ शकत नाही. तोवर ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, इंजिनाचे तापमान, हवेचे तापमान, हवेचा दाब आणि थ्रॉटलची स्थिती यांवरून, आधी साठवलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडत असतो. मिश्रण बरोबर जळले की नाही, हे त्याला कळत नाही. सेन्सर तापला की तो स्वतःच्या चुका सुधारू लागतो. म्हणून इंजिनातील लहानसहान उणीव गरम झाल्यावर झाकली जाते आणि पहिल्या काही मिनिटांतच उघडी पडते. पूर्वी कार्बोरेटरच्या गाडीवर चोक ओढून आपण जे हाताने करत होतो, तेच काम आता ईसीयू आणि आयडलची हवा सोडणारा व्हॉल्व्ह करतात. फरक इतकाच की चोक ओढूनही गाडी बंद पडली तर चालवणाऱ्याला शंका येई. आता दिवा लागला नाही की शंका घ्यायलाच कोणी तयार नसते.

पुढच्या वेळी मी लेखी तक्रार नेली आणि व्यवस्थापकांना भेटण्याची विनंती केली. त्यांनी एका ज्येष्ठ मेकॅनिकला बोलावले. मेकॅनिकनी माझे पुरते ऐकून घेतले, मग म्हणाले, “भाऊ, हे गरम इंजिनावर समजतच नाही. रात्रभर गाडी इथं ठेवून जा, सकाळी मी सोता चालू करून पायतो. त्याआधी कोणालेच हात लावू देत नाही.” हे ऐकताच गाडी योग्य माणसाकडे आली आहे, अशी माझी खात्री पटली. सकाळी मलाही समोर थांबू दिले. बहुतेक केंद्रांमध्ये ग्राहकाला काचेपलीकडे बसवतात; इथे मला प्रत्येक पायरी पाहता आली, विचारता आली, आणि त्यांनीही न कंटाळता उत्तरे दिली. त्याबद्दल या केंद्राला पूर्ण गुण दिले पाहिजेत.

त्यांच्या तपासणीचा क्रम मी सविस्तर देतो, कारण थंड इंजिनाची तपासणी कशी असावी याचा तो चांगला नमुना आहे. गाडी चालू न करता त्यांनी आधी फक्त इग्निशन ऑन करून स्कॅनरवर इंजिनाचे आणि हवेचे तापमान पाहिले. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतकेच असायला हवेत. इंजिन सेन्सर चुकून ४० अंश दाखवत असेल, तर ईसीयूला इंजिन तापलेले वाटेल आणि तो कमी इंधन सोडेल. आणि ४० हा अशक्य आकडा नसल्याने कोडही येणार नाही. आमच्या गाडीत दोन्ही आकडे बरोबर निघाले. नंतर बॅटरी : स्थिर असताना साडेबारा व्होल्टच्या वर आणि सेल्फ मारताना दहाच्या वरच. मग पेट्रोलचा दाब गेज लावून पाहिला. या प्रकारच्या गाड्यांत तो साधारण तीन बारच्या आसपास असतो, आणि तो ठीक होता. थ्रॉटल बॉडी आणि हेड यांमधील रबरी जोडाचा क्लॅम्प पाना लावून पाहिला, रबराला कुठे चीर आहे का ते टॉर्चच्या उजेडात तपासले. अ‍ॅक्सिलेटर केबलमधला ढिलेपणा पाहिला, हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहिले. हे सारे निर्दोष ठरल्यावर त्यांनी टॅपेट कव्हर उघडले.

टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांतील मोकळी जागा, थंड इंजिनावरच मोजायची असते. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून, खूण जुळवून, फिलर गेजची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये सरकवतात. ही फट इनटेकला आणि एक्झॉस्टला किती ठेवायची हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते आणि ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. आमच्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये गेजची सर्वांत पातळ पट्टीही शिरेना. इनटेकची फटही ठरल्यापेक्षा कमी भरली. नव्या इंजिनात असे होणे अस्वाभाविक नाही. सुरुवातीच्या किलोमीटरमध्ये व्हॉल्व्हची कड आणि त्याची सीट एकमेकांत घासून बसतात, व्हॉल्व्ह किंचित आत सरकतो आणि फट कमी होते. म्हणूनच पहिल्या सर्व्हिसिंगच्या कामात टॅपेट तपासण्याचा समावेश असतो. फट उरली नाही की व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळते, आणि ज्या वेळी इंधनाची वाफ नीट होत नाही, ऑइल जाड असते आणि आरपीएम खाली असते, नेमक्या त्या वेळी इंजिनाला स्वतःला फिरत ठेवण्याइतकीही ताकद राहत नाही. अ‍ॅक्सिलेटर धरल्यावर गाडी का चालत होती, हेही यातूनच उलगडते. दोष तसाच राहू दिला असता तर पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळण्याचा धोका होता, कारण व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच सोडतो.

फट ठरल्याप्रमाणे लावून, कव्हरची सील बदलून, त्यांनी तिथेच गाडी चालू केली. इंजिन तोवर थंडच होते. आरपीएम चढली, हळूहळू उतरली आणि चौदाशेच्या आसपास स्थिर झाली. तरीही त्यांनी दुसऱ्या सकाळपर्यंत गाडी सोडली नाही. पुन्हा एक रात्र ठेवून, पुन्हा थंडीत चालू करून पाहिल्यावरच ताब्यात दिली. त्यानंतरच्या सगळ्या थंडीत गाडी एकदाही बंद पडली नाही.

आता नाराजीचा भाग. पहिल्या मोफत सर्व्हिसिंगच्या छापील यादीत टॅपेटसमोर बरोबरची खूण होती. फट मोजून पाहिली असती तर ती त्याच वेळी कमी होत असल्याचे दिसले असते, किंवा निदान आकडा नोंदला गेला असता. आकड्याशिवाय केलेली खूण ही तपासणीची नोंद मानता येत नाही, असे माझे ठाम मत आहे आणि मी ते व्यवस्थापकांना लेखी कळवले. त्यांनी दुरुस्तीची मजुरी घेतली नाही, सीलचे पैसे घेतले. हा व्यवहार मला योग्य वाटला. धुलाई आणि पॉलिश यांवर जेवढी मेहनत पहिल्या भेटीत घेतली गेली तिच्या चौथाईइतकी जॉब कार्ड लिहिण्यावर घेतली असती, तरी माझी फेरी वाचली असती. स्वागत कक्षात बसणाऱ्या तरुणांना तक्रार ऐकण्याचे शिक्षण देणे ही या केंद्राची सर्वांत मोठी गरज आहे. त्यांच्या वागण्यात उद्धटपणा नव्हता, चहाही विचारला. पण प्रश्न विचारायचे असतात, हेच त्यांना कोणी शिकवलेले दिसत नाही.

मधल्या काळात काही परिचितांनी वस्तीतल्या मिस्त्रीकडे जाण्याचा सल्ला दिला. सक्करदऱ्यापासून इंदोऱ्यापर्यंत या शहरात कानाने इंजिन ओळखणारे मिस्त्री आहेत आणि टॅपेटचे काम त्यांच्या डाव्या हाताचा खेळ आहे. वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी मीही त्यांच्याकडेच जाईन. पण नव्या गाडीचे कव्हर बाहेर उघडले तर वॉरंटीवरून पुढे वाद होऊ शकतो, आणि तापमानाचे आकडे पाहण्यासाठी लागणारा कंपनीचा स्कॅनर प्रत्येकाकडे नसतो. एका ठिकाणी मला आयडलचा स्क्रू थोडा चढवून देण्याची तयारी दाखवली गेली. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलच्या या स्क्रूवर बहुधा रंगाची खूण असते आणि तो हलवायचा नसतो, कारण थ्रॉटलची मूळ स्थितीच त्याने बिघडते. शिवाय आरपीएम चढवल्याने गाडी बंद पडायची थांबली असती आणि व्हॉल्व्ह आत जळत राहिला असता.

ज्यांना अशीच तक्रार घेऊन जायचे आहे त्यांनी गाडी आदल्या संध्याकाळी केंद्रात सोडावी आणि सकाळी आपल्यासमोर चालू करण्याचा आग्रह धरावा. घरी एखाद्या थंड सकाळी मोबाइलवर चित्रफीत काढून ठेवावी, तिच्यात आरपीएमचा काटा आणि आवाज दोन्ही यावेत. जॉब कार्डवर आपल्या शब्दांत तक्रार लिहून घेतल्याशिवाय सही करू नये, आणि प्रत्येक कार्डाची प्रत जपून ठेवावी; वॉरंटीतला दोष वारंवार सांगूनही दूर होत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगापुढे हीच कागदपत्रे कामी येतात. माझ्यावर ती वेळ आली नाही.

केंद्राच्या तांत्रिक कामाला, दुसऱ्या भेटीपुरते, पाचपैकी पाच गुण. स्वागत कक्षाला दोन. पहिल्या सर्व्हिसिंगला एक. पुढची सर्व्हिसिंग मी याच केंद्रात, त्याच ज्येष्ठ मेकॅनिककडे करणार आहे. गाडी आदल्या रात्री सोडण्याचे त्यांनी आताच मान्य केले आहे आणि इनटेक व एक्झॉस्ट या दोन्ही व्हॉल्व्हच्या फटी मोजून, आकड्यांसह जॉब कार्डवर लिहून देण्याचेही.